पुरवणीतला मराठवाडा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून गावं झोपलेली होती. चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला आणि जाड दगडमातीच्या भिंती माळवदासकट माणसांवर कोसळल्या. त्या पहाटे किती माणसं गेली? अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या यादीत ९,७४८ हा आकडा आहे. पुनर्वसनाच्या सरकारी कागदांत तो आठ हजारांच्या जवळपास आहे. जखमींच्या बाबतीत तफावत आणखी मोठी आहे: एकीकडे सुमारे ३०,०००, दुसरीकडे १६,०००. यातला एक आकडा खोटाच असला पाहिजे असं नाही. मोजणी कोणत्या तारखेपर्यंत केली, दवाखान्यात नंतर दगावलेले धरले की नाही, कोणती गावं हिशेबात घेतली, यावर आकडा बदलतो. पण दोन्हींतला फरक समजून घ्यायचा तर आकड्याखालची यादी लागते, आणि छापील आकड्याबरोबर ती यादी प्रवास करत नाही. पुढची तीस वर्षं शोधनिबंध, पाठ्यपुस्तकं आणि वर्तमानपत्रं यांपैकी एक आकडा उचलून पुढे नेत राहिली.

संशोधनातली मूळ आकडेवारी, पुरवणी तक्ते आणि आलेख इतरांना खुले करावेत की नाही, या जगभर चाललेल्या चर्चेचं हे आपल्या दारातलं रूप आहे. चर्चा बहुतेक वेळा ‘उघडं की बंद’ अशा दोन टोकांत मांडली जाते. लातूर, नांदेड आणि शेजारच्या धाराशिवचा अनुभव पाहिला तर वेगळंच दिसतं. इथली बरीचशी माहिती कुणी मुद्दाम दडवलेली नाही आणि कुणी खुलीही केलेली नाही. ती सांभाळायचं काम कुणाकडे नेमून दिलेलं नव्हतं, एवढंच. परवानगीचा प्रश्न सांभाळाच्या प्रश्नानंतर येतो, हे या आढाव्यातून पुढे येणारं माझं मत आहे. त्याला येणारे आक्षेपही इथे मांडले आहेत.

पुरवणी आली कुठून

छापील नियतकालिकाला पानांची मर्यादा असते. दहा पानांच्या निबंधात तीन तक्ते आणि चार आलेख बसतात, बाकीचं संशोधकाच्या फायलीत राहतं. इंटरनेट आल्यावर नियतकालिकांनी ही उरलेली सामग्री ‘पुरवणी’ म्हणून संकेतस्थळावर ठेवायला सुरुवात केली. सोय चांगली होती, पण पुरवणी इतकी फुगली की मूळ निबंध तिच्यापुढे प्रस्तावनेसारखा दिसू लागला. मेंदूविज्ञानातल्या ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’ने २०१० मध्ये पुरवणी सामग्री घेणंच थांबवलं. परीक्षकांवर न संपणारं ओझं पडतं आणि महत्त्वाची पद्धत तळघरात ढकलली जाते, हे त्यांचं कारण होतं. म्हणजे ‘जास्त द्या’ या मागणीविरुद्धचा एक ठळक आवाज विज्ञानाच्या आतूनच उठला होता.

त्यानंतर भर पुरवणीवरून मूळ आकडेवारीकडे सरकला. माहिती शोधता यावी, मिळावी, इतर माहितीशी जोडता यावी आणि पुन्हा वापरता यावी, ही चार तत्त्वं २०१६ मध्ये मांडली गेली आणि ‘फेअर’ या नावाने रूढ झाली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १ जुलै २०१८ पासून औषधचाचण्यांच्या निबंधात आकडेवारी देणार की नाही याचं निवेदन सक्तीचं केलं. सक्ती निवेदनाची होती, आकडेवारी देण्याची नव्हती. ‘देणार नाही’ एवढं लिहूनही नियम पाळला जातो. भारतात २०१२ चं राष्ट्रीय माहिती-सामायिकीकरण धोरण आलं. जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभाग यांचं मुक्त प्रवेशाचं धोरण २०१४ मध्ये आलं, आणि २०२२ मध्ये फरीदाबादला जैविक माहितीचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. औषधचाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे, आणि १५ जून २००९ पासून तिच्यातली नोंद सक्तीची आहे. कागदावर पाहिलं तर देश फार मागे नाही.

आकडेवारी न पाहता निष्कर्ष स्वीकारल्याची किंमत २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिली. ‘लॅन्सेट’मध्ये २२ मे रोजी ६७१ रुग्णालयांतल्या सुमारे ९६,००० कोविडरुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने मृत्यू वाढतात, असं त्यात म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच त्या औषधाची चाचणी थांबवली. मग संशोधकांनी मूळ नोंदी मागितल्या, त्या पुरवणारी सर्जिस्फियर ही कंपनी त्या दाखवू शकली नाही, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. औषध उपयोगी होतं असा याचा अर्थ नाही, ते नव्हतंच. पण खरं उत्तरसुद्धा पाया न दाखवता दिलं तर टिकत नाही, हे त्या पंधरवड्यात दिसलं.

खडकाखालचा वाद

किल्लारीच्या भूकंपाने विज्ञानापुढे टाकलेला प्रश्न सोपा नव्हता. दख्खनचं पठार स्थिर मानलं जात होतं आणि त्या काळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. वास्तविक १९९२ मध्येच किल्लारी परिसरात धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. भूकंपानंतर न्यूयॉर्कच्या लॅमाँट वेधशाळेतले लिओनार्डो सीबर आणि सहकारी यांनी १९९६ मध्ये मांडलं की बेसाल्टच्या थरांत हा नवाच भ्रंश तयार झाला असावा. त्याच वर्षी तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान केंद्रातल्या सी. पी. राजेंद्रन, कुशला राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी चर खणून केलेल्या अभ्यासावरून उलट मत दिलं: भ्रंश जुनाच आहे, कँब्रियनपूर्व खडकातला, तो पुन्हा जागा झाला. हा फरक केवळ पंडितांचा नाही. जुन्या रेषा जाग्या होत असतील तर पठाराखाली तशा आणखी रेषा शोधता येतील आणि धोक्याचा नकाशा काढता येईल. नवेच भ्रंश पडत असतील तर असा नकाशा काढायला आधारच उरत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि मग जुना पायाभूत खडक लागला. या एका छिद्राने पठाराखालच्या रचनेबद्दल जितकं सांगितलं तितकं अनेक वर्षांच्या अनुमानांनी सांगितलं नव्हतं. त्यातून निघालेले खडकाचे दांडे ही पुरवणी सामग्रीच आहे, फक्त ती संकेतस्थळावर चढवता येत नाही. तिसरा मुद्दा माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळाली का, हे कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाच्या अनुभवामुळे विचारणं साहजिक होतं. त्याचं उत्तर द्यायला जलाशयाची रोजची पातळी आणि प्रत्येक बारीक धक्क्याची वेळ समोरासमोर ठेवावी लागते. पाण्याच्या नोंदी पाटबंधारे खात्याच्या, धक्क्यांच्या नोंदी हवामान खात्याच्या, खडक हैदराबादला, चरांची रेखाटनं तिरुवनंतपुरमला. वाद सुटला नाही तो बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. सगळे पुरावे एका टेबलावर आणणं हे कुणाचंच नेमून दिलेलं काम नव्हतं. भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने १९९४ मध्ये हर्ष गुप्ता यांच्या संपादनाखाली लातूर भूकंपावर स्मृतिग्रंथ काढला आणि विखुरलेलं बरंच काम एकत्र आणलं. ते मोलाचं होतं. पण ग्रंथात निबंध येतात, नोंदवह्या येत नाहीत. २००२ मध्ये भूकंपविभागांचा नकाशा बदलला, पहिला विभाग रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात आला. धोरणाला इतका पुरावा पुरला, विज्ञानाचा प्रश्न मात्र उघडाच राहिला.

नांदेडचा अनुभव दुसऱ्या बाजूने बोलतो. २००७ च्या आसपास आणि पुढच्या काही वर्षांत शहराखालून गूढ आवाज आणि बारीक धक्के येत राहिले. लोक रात्री रस्त्यावर येऊन बसत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि हैदराबादची संस्था यांनी यंत्रं बसवून हे धक्के मोजले. अशा वेळी सगळ्या नोंदी लगोलग खुल्या कराव्यात का? घबराट पसरेल, असा प्रशासनाचा आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. पण नोंद नसते तिथे अफवा मोकाट फिरते, हेही तितकंच खरं. आज हिंगोलीकडे धक्का बसला की राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद काही मिनिटांत मोबाइलवर येते. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले, आकडा लगेच कळला, आणि त्यामुळे घबराट वाढली असं म्हणायला आधार नाही. अर्थात ही यादी म्हणजे सारांश. भूकंपाच्या याद्यांत वारंवार दिसणारी १० किलोमीटर खोली पुष्कळदा मोजलेली नसते, खोली नेमकी काढता आली नाही तेव्हा गृहीत धरलेली असते. हे ओळखायला यंत्राने काढलेली मूळ लहर पाहावी लागते. सारांश खुला असणं आणि मूळ नोंद खुली असणं या वेगळ्या पायऱ्या आहेत.

गावोगावची तपासणी

वैद्यकीय संशोधनात मराठवाड्याचं नाव जगभर पोचवणारं एक काम शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात झालं. मुंबईचं टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट करून त्यांची चार भागांत चिठ्ठीने विभागणी झाली. तीन भागांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात त्या वेळची नेहमीची सेवा. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या निकालानुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. या दोन आकड्यांनी अनेक देशांच्या धोरणावर परिणाम केला. पुढे याच चौथ्या गटावरून नैतिक वाद उठला. तपासणीने जीव वाचतो हे माहीत असताना बायकांना तिच्याविना ठेवणं योग्य होतं का, असं टीकाकारांनी विचारलं. तेव्हाच्या ग्रामीण भारतात तपासणीची सेवाच नव्हती आणि परवडणाऱ्या पद्धतीचा पुरावा हवा होता, असं अभ्यासाच्या समर्थकांचं म्हणणं. दोन्ही बाजू वाचताना जाणवतं की युक्तिवाद छापील तक्त्यांभोवतीच फिरतो. कोणत्या गटातल्या बायका उपचारापर्यंत पोचल्या, दवाखाना किती लांब होता, हे गावनिहाय नोंदींतूनच कळू शकतं.

त्याच भागातली दुसरी गोष्ट शांतपणे चाललेली आहे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिलीच. खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट न पाहता कार्यकर्ते गावात जाऊन चौकशी करतात, हे तिचं वैशिष्ट्य. तिचे आकडे कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय खंडांत छापले जातात. इथे सगळ्या नोंदी जगाला उघड्या आहेत असं नाही. रुग्णाचं नाव बाहेर जात नाही. पण सांभाळ आहे, व्याख्या ठरलेल्या आहेत, वर्षानुवर्षं एकाच मापाने मोजलं जातं, त्यामुळे बाहेरचा अभ्यासक त्या आकड्यांवर भरवसा ठेवू शकतो. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या २८ लोकसंख्यावार नोंदण्या आहेत. औरंगाबाद आहे, उस्मानाबाद-बीड आहे. लातूर आणि नांदेड त्यांत नाहीत. या दोन जिल्ह्यांपुरता ‘आकडेवारी द्या’ हा आग्रह निम्मा गैरलागू ठरतो, कारण द्यायला नोंदच उभी नाही.

नोंद नाही असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमडी-एमएसच्या प्रबंधाच्या शेवटी ‘मास्टर चार्ट’ नावाचा तक्ता असतो. एका ओळीत एक रुग्ण: आद्याक्षरं, वय, लिंग, केसपेपरचा क्रमांक, तपासण्यांचे आकडे. पाश्चात्त्य नियतकालिकांनी मूळ आकडेवारीचा आग्रह धरण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे ही रीत आहे, याची आठवण या चर्चेत कुणाला होत नाही. शे-दोनशे रुग्णांचा तक्ता एकटा पाहिला तर किरकोळ वाटतो. सर्पदंश, विषबाधा, गरोदरपणातला रक्तक्षय अशा विषयांवर लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतले वर्षावर्षांचे तक्ते एकत्र केले तर मराठवाड्याच्या आरोग्याचं वेगळंच चित्र मिळू शकेल. पण मास्टर चार्ट छापील असतो, संक्षेपांची किल्ली प्रबंधागणिक वेगळी असते, आणि परीक्षा झाली की बांधीव प्रत ग्रंथालयात उभी राहते. विद्यापीठांच्या पीएचडी प्रबंधांना निदान ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहाचं घर मिळालं आहे.

दोन बाजू आणि मधली वाट

खुलेपणाच्या बाजूचा युक्तिवाद परिचित आहे. संशोधन करदात्याच्या पैशातून होतं, पडताळणीशिवाय विज्ञान नाही, आणि एकदा जमवलेली माहिती दुसऱ्याला वेगळा प्रश्न विचारण्यासाठी वापरता येते. ‘मागितल्यास देऊ’ या आश्वासनाचं काय होतं, हेही मोजलं गेलं आहे. २०२२ मध्ये छापलेल्या एका तपासणीत असं लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांकडे आकडेवारी मागितली, ती प्रत्यक्षात १२२ जणांनी दिली. हे सगळेच लबाड नसतात. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की निबंध जुना होत जाईल तशी त्याची मूळ आकडेवारी अस्तित्वात असण्याची शक्यता दरवर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घटते. संगणक बदलतो, विद्यार्थी नोकरीला लागतो, फ्लॉपी वाचणारं यंत्र उरत नाही. भारतात २०२१ च्या एप्रिलअखेर, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आयसीएमआरकडची तपासण्यांची आकडेवारी मागितली होती.

सावधपणाच्या बाजूचे मुद्दे तीन, आणि त्यांचं वजन सारखं नाही. पहिला श्रेयाचा. दुसऱ्याच्या आकडेवारीवर जगणाऱ्यांना २०१६ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात ‘परजीवी’ हा शब्द आला आणि गदारोळ झाला. शब्द चुकीचा होता, पण त्यामागची खंत खेड्यात काम करणाऱ्याला कळते. उन्हातान्हात घरोघरी फिरून नोंदी जमवायच्या एकाने, आणि वातानुकूलित खोलीत विश्लेषण करून नाव मिळवायचं दुसऱ्याने. ठरावीक काळ पहिला हक्क नोंद जमवणाऱ्याचा ठेवला तर हा आक्षेप बराचसा मिटतो. दुसरा मुद्दा अर्धवट वाचणाऱ्यांकडून होणाऱ्या चुकीच्या अर्थाचा. पण चुकीचं विश्लेषण खोडून काढायलाही तीच आकडेवारी लागते.

तिसरा मुद्दा खासगीपणाचा, आणि तो सर्वांत जड आहे. अमेरिकेत लटान्या स्वीनी यांनी दाखवून दिलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर तिथले सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येतात. आपल्या खेड्यात इतकंही लागत नाही. भूकंपातून वाचलेल्यांच्या मनःस्थितीवर १९९३ नंतर अभ्यास झाले. त्यांतल्या एखाद्या ओळीत गाव, ‘वय ४५, विधवा, दोन मुलं गमावलेली’ एवढं आलं तर नाव पुसून काय उपयोग? पारावर बसलेला कुणीही सांगेल ती कोण. म्हणून इथे सरसकट खुलेपणाचा आग्रह मला पटत नाही. मधल्या वाटेचा नमुना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मिळतो. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था ते देशभर चालवते. लातूर किंवा नांदेडचं मोजक्या पानांचं जिल्हापत्रक कुणालाही वाचता येतं, आणि कुटुंबनिहाय नोंदी नावनोंदणी करून, हेतू सांगून अभ्यासकाला मिळतात. अशा सर्वेक्षणांत ठिकाणांचे निर्देशांक मुद्दाम सरकवून देण्याची रीत आहे, ग्रामीण भागात सहसा पाच किलोमीटरपर्यंत, म्हणजे गाव नेमकं सापडत नाही. थोडी अचूकता मोजून माणसाचं संरक्षण विकत घेतलेलं असतं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संशोधनाला अटींसह सवलत ठेवली आहे.

माझ्या मतावरचा आक्षेप मी टाळत नाही. सांभाळणारा नेमला की तोच द्वारपाल होतो, आणि आपल्याकडे किल्ली हातात आली की कुलूप उघडायची सवय मोडते. हे खरं आहे. म्हणूनच सांभाळाबरोबर अटी लेखी हव्यात: कोण मागू शकतो, किती दिवसांत उत्तर, नकार दिला तर कारण. पण सांभाळणाराच नसेल तर अटी घालायच्या कुणाला? बार्शीची नोंदणी सर्वांना खुली नसूनही उपयोगी पडते. किल्लारीच्या मृतांचा आकडा सर्वांना खुला असूनही उपयोगी पडत नाही. या दोन उदाहरणांतलं अंतर मला या वादातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

अजून न सुटलेलं

खर्च कुणी करायचा, हे ठरलेलं नाही. संशोधनाचा निधी प्रकल्पाबरोबर संपतो, सांभाळ मात्र दरवर्षी पैसे मागतो. भाषेचा प्रश्न तर नीट मांडलाही गेलेला नाही. ज्या गावांतून माहिती गेली त्या गावांना निष्कर्ष मराठीत परत मिळावा, हा आग्रह धोरणांच्या मसुद्यांत क्वचित दिसतो. माहितीवर व्यक्तीचा हक्क कायद्याने ओळखला, गावाचा ओळखलेला नाही. आदिवासी समूहांच्या माहितीबद्दल २०१९ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘केअर’ तत्त्वांत सामूहिक हक्काची भाषा आहे, पण ५२ स्थलांतरित भूकंपग्रस्त गावांना ती कशी लावायची, हे कुणी तपासलेलं दिसत नाही. आणि जुन्या संमतीचं कोडं आहेच. उस्मानाबादच्या अभ्यासात या शतकाच्या सुरुवातीला बायकांनी होकार दिला, तेव्हा मूळ नोंदी पुढे जगाशी वाटून घेण्याची कल्पनाच रुळलेली नव्हती. त्यांतली सर्वांत तरुण आज पन्नाशी ओलांडून गेली, सर्वांत वयस्कर हयात असेल तर ऐंशीच्या पलीकडे. पुन्हा विचारायचं तर गावोगाव जाऊन विचारावं लागेल, न विचारता नोंदी द्यायच्या तर त्यांच्या वतीने होकार कुणी द्यायचा, आणि दोन्ही न करता नोंदी पडू द्यायच्या तर ज्यांनी त्या दिल्या त्यांचा विश्वास पाळला की मोडला, याबद्दल नैतिक समित्यांमध्ये आजही एकमत नाही.